पट्टीचा निकाल

१९ जानेवारी

प्रिय मुंगे,

सुखरूप पोचले. गाडीत शेजारची बाई सारा वेळ माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती, पण मला तरी कुठे झोपायचं होतं? परवाची सभाच डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तू फोन कर म्हणालीस. पण फोनवर तू नेहमी घाईत असतेस. माझं वाक्य संपायच्या आत 'हं, बरं' म्हणून मोकळी होतेस. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र. तूही पत्रच लिही. तुझा दादा गेल्यापासून या घरात माझ्या नावाचं टपाल म्हणजे विजेचं बिल, बाकी शुकशुकाट.

शिवणवर्गातल्या बायकांना मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते उंच व्यासपीठ, निळे दिवे, तुला निधी द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या फंडाच्या त्या अध्यक्षबाई. माईक हातात आला तेव्हा आधी तो उलटाच धरला, खोटं कशाला बोलू. पण एकदा तोंड उघडलं आणि सुटलेच. म्हटलं, माझ्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा माझ्या नणंदेनं तिच्या प्रयोगशाळेतल्या पट्टीत वाढवला, माझ्याच रक्तातल्या पेशी त्यात सोडल्या, आणि त्या पट्टीनं सांगितलं की हिला हेच औषध लागू पडेल. म्हणून मी आज तुमच्यासमोर दोन पायांवर उभी आहे. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. पुढच्या रांगेतला टक्कलवाला तर नाक शिंकरायला बाहेर गेला.

एकच खटकलं. मी बोलत होते तेव्हा तू खाली बघत होतीस. शाळेत बक्षीस घ्यायला बोलावलं की अशीच चपलांकडे बघायचीस. अगं, केस पिकायला लागले तुझे, आता तरी मान वर कर.

माझी गाठ तुझ्याकडे नीट नांदते ना? सासुरवास होत असला तर होऊ दे. माहेरी तिची कोणी वाट बघत नाहीये म्हणावं.

निधीचं काय ठरलं ते कळव.

तुझी वहिनी

ता. क. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातले आपले चष्मेवाले तुझी चौकशी करत होते. त्यांचा खोकला काही जात नाही. मी रागावून त्यांना छातीचा फोटो काढायला पिटाळलंय.


३० जानेवारी

प्रिय वहिनी,

निधी मिळाला. पूर्ण. अध्यक्षबाईंचा स्वतःचा फोन आला होता. प्रयोगशाळेत सगळे टाळ्या वाजवत होते. आमची शिडी (ती उंच मुलगी, तुला व्यासपीठामागे पाणी आणून दिलं ती) मात्र हात धुवत राहिली. तिची नोकरी या निधीवरच अवलंबून होती, म्हणून मला वाटलं तिला रडू येत असेल आणि ते दाखवायचं नसेल.

तू वर्गात सगळ्यांना सांगतेसच, तर निदान बरोबर सांग. आजवर कॅन्सरची औषधं उंदरांवर तपासायचे. माणसाची गाठ उंदराच्या अंगात वाढावी म्हणून मुद्दाम असे उंदीर घेतात, ज्यांना स्वतःची प्रतिकारशक्तीच नसते. पण तुला दिलेलं औषध थेट गाठीला मारत नाही. ते आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जागं करतं आणि गाठीवर सोडतं. ज्या उंदराच्या अंगात त्या पेशीच नाहीत, त्याच्यावर हे औषध तपासून काय डोंबल कळणार? म्हणून आमची ही बोटाएवढी पारदर्शक पट्टी. तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या, एका खळग्यात रोग्याची गाठ, दुसरीकडून त्याच रोग्याच्या पांढऱ्या पेशी. मग औषध सोडायचं आणि बघायचं, पेशी गाठीवर तुटून पडतात की नुसत्या बसून राहतात. माणसाच्या शरीराची छोटी नक्कल, एवढंच.

नक्कल कितपत जमली आहे ते अजून ठरायचं आहे. त्यासाठीच तर निधी. तू सभेत जे बोललीस ते थोडं पुढचं बोललीस. असो.

तब्येतीला जप. तपासणीची तारीख चुकवू नकोस.

तुझी मुंगी


११ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

निधीचं वाचून घरातल्या घरात नाचले. गुडघा दुखला, पण नाचले.

आता वाईट बातमी. चष्मेवाल्यांचा फोटो आला. फुप्फुसात गाठ आहे. बायोप्सीही झाली. तीच आपली ओळखीची मंडळी. माझ्याच डॉक्टरांकडे नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, केमो आणि जोडीला प्रतिकारशक्तीचं औषध, दोन्ही लगेच सुरू करू, वेळ घालवू नका.

एकटा माणूस. बायको गेली, मूलबाळ नाही. दुकान हेच घर. हॉस्पिटलमधून परत येताना रिक्षात रिपोर्टचा लिफाफा छातीशी धरून बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, घाबरता कशाला, माझी नणंद आहे ना.

तेव्हापासून त्यांच्या जिवात जीव आला आहे. फंडानं माझ्या भाषणाचा व्हिडिओ त्यांच्या साइटवर टाकलाय, माहीत आहे ना तुला? चष्मेवाले दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो सारखा लावतात. गिऱ्हाईक डोळे तपासून घेतंय आणि मागे मी बोलतेय. काल डॉक्टरांना त्यांनी स्पष्टच सांगितलं, आधी ताईंच्या नणंदेच्या पट्टीचा निकाल येऊ दे, मग सुई टोचा. डॉक्टर चिडले. पण चष्मेवाले ऐकत नाहीत. आपल्या गाठीचा तुकडा आणि रक्त घेऊन तुझ्याकडे यायची त्यांची तयारी आहे.

तर तू काय ते लवकर कर.

वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

त्यांना आजच्या आज सांग, थांबू नका. डॉक्टर म्हणतील तसं करा. आमची पट्टी हे औषधोपचार ठरवायचं साधन नाही, अजून नाही. बाहेरच्या रोग्याचा तुकडा घ्यायचा तर हॉस्पिटलच्या समितीची परवानगी लागते, कागदपत्रं लागतात, त्यात महिने जातात. आणि निकाल आला तरी त्यावरून औषध बदलायला नियमात परवानगी नाही.

हे सगळं त्यांना नीट समजावून सांग. तुझं ऐकतील.

घाईत लिहिते आहे, नवी यंत्रं येत आहेत.

मुंगी


२७ फेब्रुवारी

मुंगे,

ऐकत नाहीत. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, ताई, मोठी माणसं अशीच बोलतात. स्वतःच्या वहिनीच्या वेळी नियम आडवे आले नाहीत, शेजाऱ्याच्या वेळी समिती लागते. मग माझा ओशाळलेला चेहरा बघून त्यांनीच सारवासारव केली, की तसं नाही, त्यांनाही काही अडचणी असतील, आपण वाट बघू.

मी पत्राची घडी घालून घरी आले.

दुकानाचं दार ओढताना त्यांना दम लागतो. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागलीत, विजार राहत नाही कमरेवर. डॉक्टर मला रस्त्यात भेटले, तर म्हणाले, तुम्ही तरी समजवा. 'तुम्ही तरी' म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घ्यावी लागली.

परवानगी, कागद, हे मला सांगू नकोस. तू लहान असताना पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवायचीस, तेव्हाही अशीच लांबलचक कारणं असायची. नाही म्हणायचं असेल तर का नाही, ते एका वाक्यात लिही. मी त्यांना काय सांगू?

वहिनी


३ मार्च

वहिनी,

एका वाक्यात लिहिते. तुझ्या गाठीच्या बाबतीत पट्टीचा निकाल चुकला होता.

पट्टी म्हणाली होती, या बाईला हे औषध लागू पडणार नाही. तुझ्या पांढऱ्या पेशी खळग्याच्या काठावर नुसत्या बसून राहिल्या, गाठीकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. आम्ही पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. मी तुझ्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, आम्ही सुरू केलंय, आता थांबवणार नाही. त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून तू बरी झालीस. ऐकलं असतं तर आज तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

आता सभेचं. मी तुला बोलावलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, आठवतं? गाठीचा तुकडा दिला म्हण आणि आता बरी आहे म्हण. दोन्ही खरं. त्या दोन वाक्यांच्या मधली जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती, ऐकणाऱ्यांनी ती आपल्या मनानं भरावी म्हणून. तू बिचारी भोळेपणानं ती भरून मोकळी झालीस. तुला काय माहीत. पण मला माहीत होतं. मी तुझ्या शेजारी उभी होते, माईक माझ्या हातापासून वीतभर लांब होता. 'वहिनीचा थोडा गैरसमज झालाय' एवढं म्हणायचं होतं. मी चपलांकडे बघत राहिले. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या आणि माझ्या मनात आलं, आता निधी मिळतो. अगदी याच शब्दांत आलं.

नंतर स्वतःला समजावलं, की निधी मिळाला तरच पट्टी का चुकली ते शोधता येईल. हेही खरं आहे. हल्ली मी खरं आहे तेवढंच बोलते, आणि त्याचीच मला किळस येते.

तू गावभर माझं कौतुक करत होतीस. तुला खोटी पाडली मी. चष्मेवाल्यांना हे पत्र दाखव. सगळं दाखव. आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, हाताला धरून.

मुंगी


१० मार्च

मुंगे,

भोळेपणानं म्हणतेस. मला माहीत होतं.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या सलाईनच्या वेळी हसत हसत म्हणाले होते, तुमच्या नणंदबाईंची पट्टी म्हणते औषध चालणार नाही, पण तुमची गाठ तर विरघळायला लागली, आता कोणावर विश्वास ठेवू? मी पण हसले होते. तुला कधी बोलले नाही. वाटलं, पोरीनं इतकी वर्षं डोळे फोडलेत त्या यंत्रापाशी, आपण कशाला टोचायचं. तू सांगत नाहीस म्हणजे तुला लागलंय, असं समजून मीही गप्प राहिले. डॉक्टरही एका रोग्याचं दुसऱ्याला सांगत नाहीत, म्हणून तर रस्त्यात मला 'तुम्ही तरी' म्हणाले.

सभेच्या आधी तुझी शिडी मला पाणी द्यायला आली. तिला सहज विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, आज नाही जमलं तर कुलूप. म्हणून बोलले. असं मी आजवर स्वतःला सांगत होते. पण तू एवढं उघडं लिहिलंस, तर मीही लिहिते. नुसतं तुझ्यासाठी नाही. एवढे लोक माझ्याकडे बघत होते. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कपड्यांची मापं घेतली, खाली बसून, तोंडात टाचण्या धरून. त्या दिवशी मी उभी होते आणि सगळे बसले होते. नुसतं 'बरी झाले' म्हणून खाली उतरावंसं वाटेना.

आणि तुला वाटलं मला माहीत नाही. मला वाटलं मला माहीत आहे हे तुला माहीत नाही. दोघी शहाण्या.

चष्मेवाल्यांकडे गेले. दुकानात कोणी नव्हतं. तुझं पत्र हातात दिलं. त्यांनी सावकाश वाचलं. मग मी माझं सांगितलं. मी म्हटलं, मला ठाऊक असून मी तुम्हाला थांबू दिलं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते, आणि तुमचा चेहरा बघून परत फिरायचे.

बराच वेळ ते एक फ्रेम पुसत बसले. मग म्हणाले, "ताई, मी तुमच्यामुळे थांबलो नाही. मला त्या सुईची भीती वाटत होती. बायकोचे हाल बघितलेत मी. थांबायला काहीतरी कारण हवं होतं, ते तुमच्याकडून मिळालं."

हे त्यांनी खरं म्हणून सांगितलं की मला सोडवायला, देव जाणे. मी काही सुटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. सुरू झालं औषध. डॉक्टरांना विचारलं, मधे गेलेल्या दिवसांनी फरक पडेल का? त्यांनी हात पसरले. म्हणाले, हे कोणीच सांगू शकत नाही.

आता एक ऐक. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं. फंडाकडे जाऊ नकोस. शिडीची नोकरी आहे, तुझं काम आहे, आणि त्या पडद्यावर माझं तोंड आहे. आपण दोघींनी मनात ठेवू. जड जाईल, पण ठेवू.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं ऐकलं नाही. आधी माफी मागते, मग सांगते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत एक जोडपं आलं. तुझा व्हिडिओ बघून, फार लांबून. बाईच्या डोक्याला रुमाल बांधलेला, नवऱ्याच्या हातात रिपोर्टांची जाड फाइल. त्यांनीही उपचार थांबवले होते. शिडीनं त्यांना बसवलं, सगळं समजावलं, परत पाठवलं. मग माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, "मॅडम, मी सभेपासून वाट बघतेय, तुम्ही कधी सांगाल याची."

तुझ्या गाठीचा प्रयोग तिच्याच हातचा. निकाल तिनंच माझ्या टेबलावर ठेवला होता. आणि मला वाटलं होतं, आनंदानं रडतेय.

मी अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस लहान आहे, भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो. तो याच आजारानं गेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले तर सांगता येणार नाही असं वाटलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तुमची वहिनी आता बरी आहे का. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, किती विनयशील बाई आहे. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं मी तसं."

वहिनी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निधी थांबवला आहे. व्हिडिओ काढला. नवी यंत्रं खोक्यांतून बाहेर न काढताच परत गेली. शिडीला दुसरीकडे जागा मिळाली, या महिनाअखेर जाईल. जाताना तरी माझ्याशी बोलेल असं वाटतं.

मला ठाऊक आहे तुला आवडणार नाही. पण जाताना बोळात मी दिसले तेव्हा ते जोडपं माझ्या पाया पडायला वाकलं, आणि मला मागे सरकायलाही जागा नव्हती. मागे भिंत होती.

तुझी मुंगी


१२ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. फंडाचं निवेदनही मिळालं. वर्गातल्या एकीनं मोबाइलवर आणून दाखवलं. 'कार्यक्रमात एका रुग्णाने केलेले विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते.' एका रुग्णाने. त्यात तुमचं नाव कुठे सापडलं नाही. चष्मा लावून शोधलं.

दोन बायकांनी वर्ग सोडला. एकीनं जाताना विचारलं, ताई, तुम्हाला कॅन्सर झाला होता तो तरी खरा ना?

चष्मेवाल्यांना हॉस्पिटलमध्ये न्यायचं असतं, त्यामुळे पत्र लिहायला सवड होणार नाही.

तुमची वहिनी


२४ जुलै

प्रिय वहिनी,

माझ्या मधल्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तरी मी आले तेव्हा दार उघडलंस, याचंच मला पुष्कळ वाटलं. जेवायला वाढलंस, अंथरूण घातलंस, पण मान वर करून बोलली नाहीस. मीही बोलले नाही. समोरासमोर बसून आपल्याला जमत नाही, तेव्हा हे पुन्हा कागदावर.

निवेदन बदला म्हणून मी फंडाला लिहिलं होतं. नाही म्हणाले. मग आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या बैठकीत मी स्वतः उभी राहिले आणि सांगितलं, चूक रुग्णाची नाही, माझी. त्या रुग्णाला तिथे बोलावणारी मी, आणि गप्प बसणारीही मीच. पट्टी का चुकली तेही सांगितलं, जेवढं कळलं तेवढं. पट्टीत आम्ही सोडलेल्या पेशी तेवढ्याच राहतात, दमल्या की दमल्या. शरीरात मात्र गळ्यातल्या, काखेतल्या ग्रंथींमधून ताज्या पेशी येत राहतात. ती ये-जा आमच्या नकलेत नव्हतीच. ऐकणारे वीसेक होते. एकानंही प्रश्न विचारला नाही. चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. आता मला एका कोपऱ्यातलं अर्धं टेबल दिलंय, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत. निधी कोण देणार? पण काम करते आहे.

हे सांगायला पत्र लिहिलं नाही. मंगळवारी तू वर्ग आहे म्हणून मला हॉस्पिटलमध्ये चष्मेवाल्यांजवळ बसायला पाठवलंस, त्याबद्दल लिहायचं आहे.

मी वाटभर माफीची वाक्यं जुळवत गेले होते. त्या लांब खोलीत ओळीनं खुर्च्या, प्रत्येकाच्या हाताला नळी. ते खिडकीजवळ होते. मी सुरुवात केली आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तुमच्या वहिनींनी हे सगळं इतक्या वेळा बोलून दाखवलंय की मला पाठ आहे. आता तुम्ही नको.

मग ते काय म्हणाले ते तसंच्या तसं लिहिते.

"तुमच्या वहिनी पूर्वी माझ्याशी कडाकडा भांडायच्या. दुकानाच्या दिव्याचा उजेड त्यांच्या घरात जातो म्हणून, गिऱ्हाइकं पायरीवर बसतात म्हणून. बायको गेल्यावर माझ्याशी भांडणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. हल्ली त्या सूप आणतात. पाय चेपू का विचारतात. मी काहीही बोललो तरी हो म्हणतात. परवा मी मुद्दाम म्हटलं, तुमचं शिवण काही खास नसतं, तर म्हणाल्या, खरंय. मला तिथे फार एकटं वाटलं हो. माणूस मरायला टेकल्यासारखं वागवतात त्या मला. त्यांना सांगा, माझ्यासमोर एवढं लाजू नका. मला त्याचा त्रास होतो."

मी सांगते म्हटलं. चार दिवस तुझ्या घरात राहून सांगितलं नाही. आजही गाडीत बसल्यावर लिहिते आहे. बोलायच्या वेळी गप्प बसायची सवय अजून गेलेली नाही माझी.

मुंगी


५ ऑगस्ट

प्रिय मुंगे,

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. चार दिवस पोटात ठेवलंस म्हणून. मग त्यांचा आला. शिवण खास नसतं म्हणे. मी 'खरंय' म्हटलं होतं, आणि तेव्हा मला कळलंही नव्हतं की मी काय बोलले.

दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. सूप नेलं नाही. त्यांच्या दुकानापुढे त्यांनी एक नवी कुंडी ठेवली आहे, बरोबर माझ्या जिन्याच्या तोंडाशी, येता-जाता पदर अडकतो. एरवी मी पहिल्याच दिवशी उचलून रस्त्यात ठेवली असती. गेले दोन महिने मी अंग चोरून तिला वळसा घालत होते.

दारातूनच म्हटलं, "ही कुंडी इथून हलवायची."

त्यांनी वर बघितलं. चेहरा उतरलाय, डोक्यावर केस नाहीत. म्हणाले, "तिला इथेच ऊन लागतं."

मी म्हटलं, "मग तुमच्या डोक्यावर ठेवा, तिथे आता भरपूर ऊन लागतं."

बोलले आणि माझाच हात तोंडावर गेला. पण मुंगे, तो माणूस हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, खुर्चीचा हात धरून बसून राहिले, डोळ्यांत पाणी. मी पाणी दिलं. प्यायले आणि म्हणाले, कुंडी हलणार नाही. आम्ही तासभर भांडलो. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. शेवटी कुंडी जिथे होती तिथेच राहिली.

कालचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली नाही, कमीही झाली नाही. पुढे काय, ते विचारलं नाही मी, त्यांनीही सांगितलं नाही.

त्या भांडणानंतर घरी आले आणि मशीनपाशी बसून खूप रडले. जे केलं ते केलंच. ते हसले म्हणून पुसलं जात नाही, आणि मला पुसून घ्यायचंही नाही. पण उद्यापासून त्यांच्यासमोर ते घेऊन जायचं नाही, एवढं ठरवलंय. ते आपलं आपण घरी ठेवायचं. तुझं तू, माझं मी.

पुढच्या वेळी येशील तेव्हा चार दिवस गप्प बसून राहणार असलीस तर येऊ नकोस. बोलणार असलीस तर ये, मी जेवायला थांबते.

तुझी वहिनी